चेंडू आपला, सामना कुणाचा?

सामना संपतो आणि पडद्यावर आकडे येतात. ताबा ६८ टक्के, पास साडेसहाशे, फटके पंधरा, निकाल ०-१. ‘फुटबॉल मॅनेजर’ खेळणाऱ्या बहुतेकांनी हे पान कधी ना कधी पाहिलेलं असतं आणि त्यावर कॉम्प्युटरच्या नावाने बोटंही मोडलेली असतात. पण ते पान साधी गोष्ट सांगत असतं: तुमच्या संघाने चेंडू सांभाळला, मात्र समोरच्याला त्याचा काहीच त्रास झाला नाही.

आखणीची सुरुवात टक्केवारीपासून केली की असं होतं. टक्केवारी नंतर आपसूक पदरात पडते. आखणी करताना तीन प्रश्न विचारावेत. चेंडू पुढे नेताना आपला मोकळा खेळाडू कुठे सापडणार? समोरच्या बचावफळीच्या मागे धाव घेण्याची धास्ती कोण घालणार? आणि चेंडू हातचा गेला, तर त्या क्षणी आपल्या मागे कोण उभं असणार? या तिन्हींची उत्तरं तयार असतील, तर ताबा कामाला येतो. एकाचंही उत्तर नसेल, तर साडेसहाशे पास म्हणजे नुसती कवायत.

खेळाची तोंडओळख

पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधल्या दोन भावांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ मध्ये बाजारात आला. पुढे त्यांची स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही कंपनी आणि प्रकाशक वेगळे झाले. जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं आणि २००४ च्या अखेरीस सेगाच्या साथीने हाच खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या नव्या नावाने आला. यात आपण चेंडूला पाय लावत नाही. खेळाडू निवडायचे, सराव ठरवायचा, डावपेच आखायचे आणि मग मैदानाबाहेर बसून बघायचं. २०२५ साठीची आवृत्ती रद्द झाल्यामुळे ‘फुटबॉल मॅनेजर २४’ दोन मोसम खेळली गेली. या लेखातली उदाहरणं त्याच आवृत्तीतली आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘२६’ मध्ये चेंडू असतानाचं आणि नसतानाचं अशी दोन वेगळी फॉर्मेशन लावता येतात. पडदा बदलला तरी वरचे तीन प्रश्न तेच राहतात.

डावपेचांच्या पानावर चार गोष्टी आपल्या हातात असतात. पहिली फॉर्मेशन. दुसरी, प्रत्येक खेळाडूचा रोल आणि त्याची ड्यूटी, म्हणजे डिफेंड, सपोर्ट किंवा अटॅक. तिसरी, संघाला द्यायच्या सूचना. त्या तीन भागांत येतात: चेंडू आपल्याकडे असताना, ताबा बदलतानाच्या क्षणी आणि चेंडू समोरच्याकडे असताना. चौथी मेंटॅलिटी, म्हणजे संघाने एकंदरीत किती जोखीम घ्यायची. नवा खेळाडू थेट तिसऱ्या गोष्टीवर उडी मारतो आणि दिसेल ती सूचना चालू करतो. ताब्याच्या खेळात पहिल्या दोन गोष्टी निम्म्याहून अधिक काम करतात.

ताबा कशासाठी?

१९७५ च्या पहिल्या क्रिकेट विश्वचषकात लॉर्ड्सवर सुनील गावसकर साठ षटकं खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले आणि भारत २०२ धावांनी हरला. विकेट राखली, सामना नाही. फुटबॉलमध्ये याची जोड शोधायला फार लांब जावं लागत नाही. २०१८ च्या विश्वचषकात स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले, सामना १-१ बरोबरीत राहिला आणि पेनल्टींवर स्पेन बाहेर गेला. २०२२ मध्ये मोरोक्कोविरुद्ध तीच गत झाली: १२० मिनिटांत गोल नाही आणि पेनल्टींवर ०-३.

पण २०१० मध्ये याच स्पेनने विश्वचषक जिंकला, तोही सात सामन्यांत फक्त आठ गोल करून. बाद फेरीतले चारही सामने त्यांनी १-० असे काढले. तिथे ताबा ही बचावाचीच पद्धत होती. चेंडू आपल्याकडे असला, की समोरचा गोल करू शकत नाही आणि त्याच्या मागे पळून दमतो तो वेगळाच. हा ताब्याचा एक उपयोग झाला.

दुसरा उपयोग समोरच्याला जागेवरून हलवण्याचा. योहान क्रायफ १९८८ मध्ये प्रशिक्षक म्हणून बार्सिलोनाला आला, तेव्हापासून तिथे हा विचार मुरला आणि पेप गार्डिओलाने तो टोकाला नेला. २ मे २००९ रोजी रेआल माद्रिदच्या मैदानावर गार्डिओलाने मेस्सीला मध्यभागी घेतलं, पण आघाडीवर उभं न करता मधल्या फळीकडे खाली येऊ दिलं. माद्रिदच्या सेंटर-बॅकपुढे पेच पडला. मेस्सीच्या मागे जावं, तर पाठीमागे जागा उघडी पडते. जागेवर थांबावं, तर मेस्सी, शावी आणि इनिएस्ता मिळून मधली फळी ताब्यात घेतात. बार्सिलोना ६-२ ने जिंकली. पासांची संख्या मोठी होती, पण माद्रिदला मारलं ते त्या पेचाने. आपल्याला पडद्यावर असाच पेच उभा करायचा आहे.

आपल्याकडचा नमुना: लोबेराचा गोवा

त्यासाठी युरोपकडेच पाहायला हवं असं नाही. बार्सिलोनाच्या प्रशिक्षण-व्यवस्थेत घडलेला सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाचा प्रशिक्षक झाला. इंडियन सुपर लीगमध्ये तोवर लांब चेंडू आणि धावपळ यांचा भरणा होता. लोबेराच्या गोव्याने गोलरक्षकापासून पास जुळवत खेळायचा हट्ट धरला. मधल्या फळीत मोरोक्कोचा अहमद जाहू खाली येऊन चेंडू घ्यायचा आणि खेळाची दिशा ठरवायचा. त्याच्या जोडीला एदू बेदिया. पुढे ब्रँडन फर्नांडिस आणि ह्युगो बुमू, आघाडीला फेरान कोरोमिनास. मूळचा विंगर असलेला मंदार राव देसाई डावा फुल-बॅक झाला. बचावात मुर्तडा फॉल आणि उजवीकडे सेरिटन फर्नांडिस.

२०१९-२० च्या साखळीत गोव्याने १८ सामन्यांत ४६ गोल केले आणि अव्वल स्थान मिळवून एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट प्रवेश मिळवला. असं करणारा तो पहिला भारतीय क्लब. मोसम संपण्याआधीच लोबेराला निरोप मिळाला होता. पुढच्याच मोसमात तो मुंबई सिटीकडे गेला. जाहू, फॉल, बुमू आणि मंदारही तिकडेच गेले आणि मुंबईने साखळी व करंडक अशी दोन्ही विजेतेपदं पटकावली.

हा संघ नमुना म्हणून घ्यायचं कारण सोपं आहे. यात जागतिक दर्जाचा एकही तारा नव्हता. ज्याला जे जमतं ते त्याला योग्य जागी करायला मिळालं, एवढंच. फुटबॉल मॅनेजरमध्ये आपलाही संघ बहुधा असाच असतो.

पायरी पहिली: चेंडू असतानाचा आकार

कागदावर ४-२-३-१ लिहिलं, तरी तो चेंडू नसतानाचा आकार असतो. ‘२४’ मध्ये डावपेचांच्या पानावर दिसते ती मांडणी संघ बचावाला उभा राहतो तेव्हाची. चेंडू मिळाला, की रोल आणि ड्यूटीनुसार तीच माणसं वेगळीकडे जातात. म्हणून आधी कागद घ्यावा, मैदानाचे उभे पाच पट्टे पाडावेत आणि चेंडू समोरच्याच्या अर्ध्यात असताना आपले दहा जण कुठे असतील हे मांडावं.

आज सर्रास दिसणारा आकार ३-२-५. मागे तिघे, त्यांच्यापुढे दोघे, आणि आघाडीला पाच पट्ट्यांत पाच जण. चार जणांची बचावफळी मैदानाची पूर्ण रुंदी झाकू शकत नाही. पाच पट्ट्यांत पाच माणसं उभी राहिली, की एक कुणीतरी सुटतोच. तो सुटलेला माणूस शोधणं हे मागच्या पाचांचं काम. आणि चेंडू गेलाच, तर प्रतिहल्ला अडवायलाही तेच पाच जागेवर असतात. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं एकाच आकारात मिळतं.

४-२-३-१ मधून ३-२-५ काढायचा सोपा मार्ग म्हणजे एक फुल-बॅक वर पाठवायचा आणि दुसरा मागे ठेवायचा. मंदारसारखा डावा फुल-बॅक वर गेला, की उरलेले तिघे सरकून मागची फळी करतात. वर गेलेल्याने डावी कड धरली, म्हणून डावा विंगर आत येतो. उजवीकडे फुल-बॅक मागे आहे, म्हणून उजव्या विंगरने कड सोडायची नाही. प्रत्यक्षातल्या गोव्याचा हा हुबेहूब नकाशा नव्हे. तिथे सेरिटनही मुक्तपणे वर जायचा. पण पहिल्या आराखड्यासाठी असा एका बाजूला झुकलेला आकार सांभाळायला सोपा पडतो.

पायरी दुसरी: रोल आणि ड्यूटी

वरचा आकार खेळाच्या भाषेत असा उतरतो:

- गोलरक्षक: स्वीपर कीपर, सपोर्ट
- डावा फुल-बॅक: विंग-बॅक, अटॅक
- डावा सेंटर-बॅक: बॉल-प्लेइंग डिफेंडर, डिफेंड
- उजवा सेंटर-बॅक: सेंट्रल डिफेंडर, डिफेंड
- उजवा फुल-बॅक: फुल-बॅक, डिफेंड
- मधल्या फळीतला पहिला: डीप-लाइंग प्लेमेकर, डिफेंड
- मधल्या फळीतला दुसरा: सेंट्रल मिडफिल्डर, सपोर्ट
- डावीकडून पुढे: इनसाइड फॉरवर्ड, सपोर्ट
- मध्ये पुढे: अटॅकिंग मिडफिल्डर, अटॅक
- उजवीकडून पुढे: विंगर, सपोर्ट
- आघाडी: अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्ड, अटॅक

यात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, प्लेमेकर एकच आहे. खेळात ज्याला प्लेमेकरचा रोल मिळतो, त्याच्याकडे बाकीचे चेंडू ओढीने देतात. असे तिघे नेमले, तर चेंडू त्या तिघांतच फिरत राहतो आणि आघाडीवरचा माणूस मोकळा असूनही उपाशी राहतो. जाहूचं काम एकाच जाहूला द्यावं.

दुसरी, आघाडीचा माणूस खाली येत नाही. ताब्याचा खेळ म्हटलं, की फॉल्स नाइन, म्हणजे मधल्या फळीकडे खाली येणारा आघाडीवीर, लावायचा मोह होतो. पण मेस्सी खाली आला, तेव्हा त्याने सोडलेल्या जागेत धावायला कडेने हेन्री आणि एटो होते. आपला फॉल्स नाइन खाली आला, प्लेमेकर तिथेच, विंगरही पायातच चेंडू मागणारे, असं झालं तर समोरची बचावफळी निवांत चार पावलं पुढे येते आणि खेळायची जागाच आखडते. मागे धाव घेणारा किमान एक, शक्यतो दोघे हवेत. या आराखड्यात फॉरवर्ड आणि त्याच्या पाठीमागून येणारा अटॅकिंग मिडफिल्डर हे काम करतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ते हेच.

तिसरी, अटॅक ड्यूटी तिघांनाच आहे. सगळ्यांना अटॅक दिली, की सगळे एकदम पुढे पळतात आणि चेंडू देणाऱ्याजवळ पासला कुणी उरत नाही. सपोर्ट ड्यूटीवरची माणसं उशिरा पुढे जातात, मागे वळून पास द्यायला जागा ठेवतात. ताबा टिकतो तो त्यांच्या जिवावर.

पायरी तिसरी: सूचना मोजक्याच

खेळात ‘कंट्रोल पझेशन’, ‘टिकी-टाका’, ‘व्हर्टिकल टिकी-टाका’ अशा तयार शैली मिळतात. त्यातली एक निवडून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिच्यासोबत सूचनांचा मोठा संच येतो. प्रत्येक सूचना एखाद्या खेळाडूचा एखादा पर्याय कमी करते, म्हणून का हवी हे सांगता येईल तीच ठेवावी.

आधी मेंटॅलिटी. ‘पॉझिटिव्ह’ ही मध्यापेक्षा एक पायरी वरची जागा चांगली. इथे एक मेख आहे. मेंटॅलिटी वाढवली, की पासिंगचा थेटपणा, टेम्पो, रुंदी आणि बचावफळीची उंची हे सगळं तिच्यासोबत वर सरकतं. म्हणजे ‘अटॅकिंग’वर निवडलेला ‘शॉर्टर’ पास आणि ‘कॉशस’वर निवडलेला ‘शॉर्टर’ पास सारखे नसतात. मेंटॅलिटी बदलली आणि बाकी काही बदललं नाही, असं वाटत असेल, तर प्रत्यक्षात बरंच बदललेलं असतं.

पासिंग थोडं आखूड, टेम्पो सुरुवातीला मध्यमच. टेम्पो एकदम खाली आणला, की समोरच्याला सावरून उभं राहायला वेळ मिळतो आणि चेंडू एका कडेकडून दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत ती बाजूही भरलेली असते. ‘प्ले आउट ऑफ डिफेन्स’ चालू करावं आणि गोलरक्षकाला चेंडू सेंटर-बॅककडे द्यायला सांगावं. रुंदी सरासरीपेक्षा थोडी अधिक, नाहीतर ते पाच पट्टे कागदावरच राहतात.

‘वर्क बॉल इन्टू बॉक्स’ ही ताबाप्रेमींची लाडकी सूचना. लांबून उगाच मारलेले फटके आणि घाईचे क्रॉस तिने कमी होतात, हे खरं. पण त्याच धाकाने खेळाडू बॉक्सच्या कडेला पास घोळवत बसतात आणि डावीकडून वर आलेला विंग-बॅक क्रॉस टाकायच्या ऐवजी मागे वळतो. सुरुवातीला ती बंद ठेवावी. आठ-दहा सामन्यांनंतरही लांबचे फटके फार दिसले, तर चालू करून पाहावी.

चेंडू गेला तर?

ताब्याचा संघ पुढे चढलेला असतो, म्हणून त्याच्यावरचे गोल बहुतेक प्रतिहल्ल्यातून होतात. गोव्याची हीच दुखरी नस होती. २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल आलेला हा संघ उपांत्य फेरीत चेन्नईत १-४ ने हरला. घरी ४-२ ने जिंकूनही एकूण ५-६ ने बाहेर पडला.

ताबा बदलण्याच्या क्षणासाठी खेळ दोन पर्याय देतो. ‘काउंटर-प्रेस’ म्हणजे गेलेला चेंडू तिथल्या तिथे हिसकावायचा. ‘रिग्रुप’ म्हणजे मागे येऊन फळी बांधायची. दोन्ही न निवडता ते खेळाडूंवर सोडता येतं. ३-२-५ मध्ये पाच जण आधीच चेंडूच्या आसपास असतात, म्हणून काउंटर-प्रेस या आकाराला शोभतो. मात्र त्याला दम लागतो. स्टॅमिना आणि वर्क रेट कमी असलेला संघ सत्तर मिनिटांनंतर अर्धाच प्रेस करतो आणि अर्धा प्रेस हा मुळीच न करण्यापेक्षा वाईट. तिथे बदली खेळाडू वेळेवर उतरवावेत किंवा सूचना काढून टाकावी.

डिफेन्सिव्ह लाइन (बचावफळी कुठे उभी राहते) आणि लाइन ऑफ एंगेजमेंट (प्रेस कुठून सुरू होतो) या दोन्ही एकमेकांकडे बघून ठरवाव्यात. पुढची फळी वरून प्रेस करतेय आणि बचावफळी खाली थांबलीय, असं झालं तर मध्ये मोठी पोकळी पडते आणि समोरचा मिडफिल्डर तिथे आरामात वळतो. दोन्ही एकत्र वर न्याव्यात किंवा एकत्र खाली आणाव्यात. सेंटर-बॅक वेगाने कमी असतील, तर फळी एक पायरी खाली घेण्यात कमीपणा नाही.

माणसं पारखताना

मैदानी खेळाडूच्या पानावर ३६ गुण १ ते २० च्या मापात दिसतात. ताब्याच्या खेळासाठी लोक पासिंग बघतात आणि थांबतात. त्याआधी फर्स्ट टच बघावा. चेंडू पहिल्या स्पर्शात मरत नसेल, तर पास कितीही चांगला असला तरी तो द्यायला सवड मिळत नाही. मग डिसिजन्स आणि कंपोजर: अंगावर माणूस आल्यावर योग्य पर्याय निवडण्याची आणि न गडबडण्याची क्षमता. बचावपटूंमध्ये हे दोन्ही गुण कमी असतील, तर ‘प्ले आउट ऑफ डिफेन्स’ म्हणजे स्वतःच्या बॉक्सजवळ जुगार.

चेंडू नसलेल्याचे गुणही तितकेच मोलाचे. ऑफ द बॉल आणि अँटिसिपेशन चांगलं असलेला फॉरवर्ड बचावपटूच्या नजरेआड सरकतो आणि पासला जागा उघडतो. टीमवर्क कमी असलेला गुणी विंगर आपल्या मर्जीने खेळतो आणि आखलेली कड सोडून जातो.

शेवटी खेळाडूच्या सवयी. ‘खाली येऊन चेंडू घेतो’ ही सवय डीप प्लेमेकरला वरदान, पण अ‍ॅडव्हान्स्ड फॉरवर्डला असली तर आपला सगळा हिशोब चुकतो. कारण रोल त्याला बचावफळीच्या मागे धावायला सांगतो आणि सवय त्याला खाली ओढते. ‘लांबून फटके मारतो’ ही सवय असलेला मिडफिल्डर बॉक्सच्या टोकावर चेंडू मिळताच पाय चालवणार, मग सूचना काहीही असोत. नवा खेळाडू घेताना दोन मिनिटं या यादीवर घालवली, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

नवा आराखडा अंगवळणी पडायला वेळ लागतो. खेळात त्याचं मापही दिसतं. मोसमाआधीचे सराव सामने जिंकण्यासाठी न खेळता त्यासाठीच वापरावेत आणि दोन-तीन पराभवांत सगळं उलटंपालटं करू नये.

सामना बघायचा कसा?

केवळ ठळक क्षण पाहून ताब्याचा खेळ कळत नाही. त्यात फटके आणि गोल दिसतात, बाकीची ऐंशी मिनिटं दिसत नाहीत. निदान पहिली पंधरा मिनिटं पूर्ण सामना लावून बघावा आणि नजर चेंडूवर न ठेवता बाकीच्या माणसांवर ठेवावी.

एक चाल जवळून बघू. समोर ४-४-२ लावलेला संघ आहे. आपल्या डाव्या सेंटर-बॅककडे चेंडू येतो. त्यांचे दोन फॉरवर्ड पुढे येतात, एक चेंडूवर आणि दुसरा प्लेमेकरवर. आपला उजवा फुल-बॅक मागे थांबलेला असल्याने तिसरा माणूस मोकळा आहे. चेंडू गोलरक्षकामार्गे त्याच्याकडे जातो. आता त्यांच्या डाव्या मिडफिल्डरला ठरवावं लागतं, पुढे यायचं की विंगरजवळ थांबायचं. तो पुढे येतो. विंगर कड धरून आहे. त्याला पास मिळतो, त्यांचा फुल-बॅक त्याच्याकडे खेचला जातो आणि फुल-बॅक व सेंटर-बॅक यांच्यामधल्या फटीत आपला अटॅकिंग मिडफिल्डर घुसतो. चार-पाच पास झाले आणि प्रत्येक पासाने समोरच्या एकेकाला जागा सोडायला लावली.

हीच चाल बिघडते तेव्हा काय दिसतं? उजव्या फुल-बॅककडे चेंडू येतो, पण विंगर आधीच आत सरकलेला असतो. त्यांचा डावा मिडफिल्डर एकटाच दोघांना झाकतो. फुल-बॅक मागे पास देतो, सेंटर-बॅक डावीकडे, तिथून पुन्हा मागे. ताब्याचा आकडा मात्र वाढतच असतो. दुखणं विंगरच्या रोलमध्ये किंवा सवयीत आहे, पासिंगच्या सूचनेत नाही. हे बघितल्याशिवाय कळत नाही.

आकड्यांचं वाचन

सुरुवातीच्या ०-१ च्या पानाकडे परत बघू. पंधरा फटक्यांतून अपेक्षित गोल, म्हणजे एक्सजी, ०.९ असेल, तर एका फटक्यामागे ०.०६ पडतात. सरळ अर्थ: फटके लांबून किंवा गर्दीतून मारले गेले. तोच एक्सजी पाच फटक्यांतून आला असता, तर संधी दर्जेदार होत्या आणि नशीब आडवं आलं म्हणता आलं असतं. पहिल्या बाबतीत आराखडा तपासावा, दुसऱ्या बाबतीत हात लावू नये.

खेळातल्या डेटा हब या आकडेवारीच्या भागातला पासांचा नकाशाही बोलका असतो. सर्वांत जाड रेघा दोन सेंटर-बॅक आणि गोलरक्षक यांच्यातच असतील, तर ताबा निरुपद्रवी जागेत साचला आहे. प्लेमेकरकडून आघाडीच्या चौघांकडे जाणाऱ्या रेघा दिसायला हव्यात. फॉरवर्ड आणि अटॅकिंग मिडफिल्डर यांची सरासरी जागा एकावर एक आली असेल, तर दोघांपैकी एकाचा रोल बदलावा. निष्कर्ष मात्र पाच-सहा सामने एकत्र घेऊनच काढावेत.

समोरचा बघून बदल

समोरचा संघ अकराच्या अकरा घेऊन स्वतःच्या बॉक्ससमोर बसला, तर आणखी आखूड पास हा उपाय नव्हे. टेम्पो वाढवावा, रुंदी वाढवावी, आणि मागे थांबलेल्या उजव्या फुल-बॅकला सपोर्ट ड्यूटी देऊन एक माणूस वर वाढवावा. अशा सामन्यात कॉर्नर आणि फ्री किक यांची तयारी गोल मिळवून देते. म्हणून संघात एक उंच सेंटर-बॅक असू द्यावा. गोव्याच्या आणि मुंबईच्या फॉलने बचावपटू असूनही कितीतरी गोल डोक्याने केले.

समोरचा संघ अंगावर धावून येणारा असेल, तर गणित उलटं. त्याने मागे जागा सोडलेली असते. तिथे सेंटर-बॅकमध्ये घोळवत बसण्यापेक्षा दोन पास खेळून त्याला पुढे ओढावं आणि तिसरा पास थेट फॉरवर्डच्या पुढ्यात टाकावा. ‘पास इन्टू स्पेस’ यासाठीच आहे. आणि आपला संघ गुणतक्त्याच्या तळातला असेल, समोरच्याहून प्रत्येक जागी दुबळा असेल, तर सामनाभर ताब्याचा हट्ट सोडावा. आघाडी मिळाल्यावर समोरच्याला दमवण्यापुरता तो वापरावा.

अंतिम सामन्याचा धडा

१३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांच्यात सुपर लीगचा अंतिम सामना झाला. अठराव्या मिनिटाला मागून खेळ उभारताना जाहूच्या पायातला चेंडू रॉय कृष्णाने हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. ताब्याच्या खेळाची किंमत इतकी रोख असते. त्यानंतर त्याच जाहूने लांब चेंडू टाकला. तो परतवताना बागानच्या तिरीकडून स्वयंगोल झाला. नव्वदाव्या मिनिटाला आणखी एक लांब चेंडू आला. तो अडवायला पुढे आलेल्या गोलरक्षकाचा अंदाज चुकला, बार्थोलोमेव ओग्बेचेने तो बिपिन सिंगकडे दिला आणि मुंबई २-१ ने जिंकली.

मोसमभर पास जुळवणाऱ्या संघाने अंतिम सामना दोन लांब चेंडूंवर जिंकला, यात विसंगती नाही. मागे जागा दिसली आणि तिथे धावणारे होते, म्हणून चेंडू तिथे गेला. आपल्या आराखड्यातही ही मुभा राहिली पाहिजे. आखूड पास हा नेहमीचा रस्ता असावा, एकमेव नसावा. पुढच्या सामन्यानंतर आकड्यांचं पान उघडाल, तेव्हा ताब्याची टक्केवारी शेवटी वाचा. आधी आपण चेंडू कुठे गमावला ते पाहा, मग फटके कुठून मारले ते पाहा. दुसऱ्या दिवशी काय बदलायचं, हे त्या दोन जागा सांगतात.